एकोणीस घरांच्या चांदण्या

चिंधीच्या धंद्यात माल वजनावर येतो, गोष्टी मात्र फुकट येतात. कोणी अर्धा किलो लाल तुकडे घ्यायला येतो, तराजूचा काटा स्थिर होईपर्यंत काहीतरी सांगून जातो. संध्याकाळी शटर ओढताना लक्षात येतं की कापड कमी झालं, पण गाळा भरलेलाच आहे. त्यात आमची भिवंडी. पॉवरलूमच्या खडखडाटात माणसांना मोठ्याने बोलायची सवय, त्यामुळे ऐकू आलं नाही असं म्हणायचीही सोय नाही.

परवा मित्रमंडळी बसली होती. नाताळचा विषय निघाला आणि मी सुरू झालो. एक म्हणाला, "शेठ, हे लिहून काढा, नाहीतर दर वर्षी सांगाल." म्हणून लिहितोय. माझी शाळा सातवीनंतर सुटली, तेव्हा शुद्धलेखनाचं तुम्ही सांभाळून घ्या.

* * *

माझ्या गाळ्यासमोर, रस्त्यापलीकडे बैठी चाळ आहे. तिच्या शेवटच्या खोलीत रोझीबाई राहतात. माहेर वसईकडचं. नवरा लूमच्या कारखान्यात फिटर होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली. बाईंनी त्याच खोलीत बालवाडी चालवली, म्हणून सगळी चाळ त्यांना टीचर म्हणते. त्यांच्याहून मोठी माणसंसुद्धा.

पहिल्यांदा त्या गाळ्यावर आल्या तेव्हा त्यांना पाव किलो लाल आणि हिरव्या चिंध्या हव्या होत्या. मी म्हटलं, "बाई, पोतं मिक्स आहे. निवडून मिळणार नाही."

त्या पायरीवर बसल्या, पोतं ओतलं आणि दोन तासांत अख्ख्या पोत्याचे रंगवार ढीग लावले. त्यातला आपला पाव किलो घेतला आणि जाताना म्हणाल्या, "शेठ, तुमच्या पोत्यात दुकान आहे. तुम्ही नुसतं पोतं विकताय."

त्या दिवसापासून मी चिंधी रंगवार लावतो. नोव्हेंबर लागला की लाल-हिरवं वेगळं काढतो. लोक विचारतात, धंदा कोणाकडून शिकलात? मी म्हणतो, बालवाडीत.

* * *

त्या चिंध्यांचं टीचर काय करतात, ते सांगतो. त्यांची खोली सोडली तर चाळीत एकोणीस घरं. नाताळच्या सकाळी त्या प्रत्येक दारात जातात आणि हाताने केलेली एक चांदणी देतात. पुठ्ठ्याचे पाच कोन, वर मैद्याच्या खळीने चिकटवलेलं कापड, कडेने टाका. हिंदू, मुसलमान, कोणतंही घर असो, चांदणी जायचीच.

आणि प्रत्येक चांदणीच्या मधोमध रुपयाएवढा एक तुकडा, त्याच घरातला. कोणाच्या पोराचं फाटकं दप्तर, कोणाची लुंगी, कोणाच्या स्वयंपाकघरातलं हात पुसायचं फडकं. तो तुकडा त्या कधी मागून घेत नाहीत. वर्षभरात केव्हातरी गुपचूप कापून आणतात.

मी एकदा विचारलं, "टीचर, मागितलं तर कोणी नाही म्हणेल का?"

"नाही म्हणणार नाहीत, तोच तर त्रास आहे. मागितलं की लोक कपाटातलं चांगलं कापड काढून देतात. मला रोजचं पाहिजे."

मी राहतो कल्याण नाक्याला. गाळा काही घरात मोजत नाहीत, त्यामुळे मला कधी चांदणी आली नाही. मीही कधी विषय काढला नाही. दुकानदाराने फुकटचं मागू नये.

* * *

बऱ्याच वर्षांपूर्वी बकरी ईद आणि नाताळ लागून आले होते. चाळीतल्या सातव्या खोलीत मोईनचाचा राहतात. आझमगडकडचे, चाळीस वर्षं लूम चालवलेला माणूस. त्यांनी ईदसाठी बोकड आणून दाराशी बांधला होता. टीचरने खळ सुकायला चांदण्या दोरीवर टांगल्या होत्या. बोकडाने दावं सोडवलं आणि सहा चांदण्या पुठ्ठ्यासकट खाल्ल्या.

चाचा बोकडाचा कान धरून टीचरच्या दारात उभे. मान खाली. "टीचरजी, बकरे ने आप का त्योहार खा लिया."

टीचर म्हणाल्या, "खळीत मीठ घातलं होतं, चव लागली असेल." आणि परत सहा करायला बसल्या.

ईदच्या दिवशी चाचांच्या घरून रिवाजाप्रमाणे टीचरकडे मटणाचा वाटा आला. टीचरने पातेल्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "चाचा, यात माझ्या सहा चांदण्या आहेत. वाटा थोडा मोठा पाहिजे होता."

चाचा आधी गोंधळले, मग घरी जाऊन आणखी अर्धं पातेलं घेऊन आले. तेव्हापासून टीचर खळीत मिठाऐवजी मिरचीपूड घालतात.

* * *

चाळीत वनिता राहते. माहेरची राहनाळची, तिथे तिच्या वडिलांचा गणपतीचा कारखाना होता. आता ती मानकोलीच्या गोडाऊनमध्ये पॅकिंगला जाते. चांदण्यांचा पुठ्ठा तिच्याकडूनच येतो, फाटक्या खोक्यांचा.

एका वर्षी टीचरने चाळीच्या टोकाला नाताळचा गोठा, म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा, मांडायचं ठरवलं. मूर्ती वनिताने शाडूच्या केल्या. हात बसलेला, त्यामुळे मारिया झाली, योसेफ झाला, बैल तर असा झाला की शर्यतीला न्यावा. शेवटी बाळ झालं. सगळे बघायला जमले, तर बाळाच्या गालावर काळा ठिपका.

चाळीतली एक बाई कुजबुजली, "अगं, त्यांचा देव आहे तो. असं करतात का?"

वनिताचा चेहरा उतरला. "बाल हाय ना गो ते. नजर नाय लागनार? मना काय ठावं त्यांच्यात चालत नाय म्हनून." ती पदराने पुसायला वाकली.

टीचरने तिचा हात धरला. बाळाकडे वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "दुसऱ्या गालालाही लाव. इथे येणारं-जाणारं फार आहे."

आता दर वर्षी गोठा मांडून झाला की टीचरची हाक येते, "वनिता, काजळ आण."

* * *

एकदा माझ्यातला व्यापारी जागा झाला. मुंबईच्या बाजारात चमकणाऱ्या प्लास्टिकच्या चांदण्या आल्या होत्या. बटण दाबलं की दिवे लागायचे आणि गाणं वाजायचं. मी एक खोकं आणून टीचरपुढे ठेवलं. म्हटलं, "माझ्याकडून. या वर्षी डोळे फोडू नका, याच वाटा."

त्यांनी एक घेतली, खिडकीत टांगली, बटण दाबून गाणं पूर्ण ऐकलं. बाकीचं खोकं माझ्याकडे सरकवलं.

"का, आवडलं नाही?"

"छान आहे की. पण शेठ, ही सगळ्यांना सारखंच ओळखते."

ते खोकं मी दुकानात विकलं, चांगलं खपलं. पण ते वाक्य काही खपलं नाही, अजून गाळ्यात पडून आहे.

* * *

डोळे फोडू नका हे मी सहज बोललो होतो. गेल्या वर्षी टीचरच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली औषधाने टिकवायची. टीचरने त्यांना एकच विचारलं, "नाताळ पंचवीसला आहे. तोवर टिकेल?"

डॉक्टर हसले म्हणे. टीचर हसल्या नाहीत.

यंदा त्या गाळ्यावर यायच्या, गादीवर माझ्या शेजारी बसायच्या आणि तुकडा चाचपून विचारायच्या, "शेठ, हा लाल ना?" मी हो म्हणायचो. चॉकलेटी असला तरी दोनदा हो म्हणालो, मग माझीच मला लाज वाटली आणि खरं सांगायला लागलो.

दिवाळीनंतर त्यांनी चांदण्या शिवायला घेतल्या. वनिताने पाहिलं, टाके कोनावरून घसरून भलतीकडेच चाललेत. तिने चाळीतल्या दोघींना जमवलं. टीचरने केलेली चांदणी "ठेवायला नेते" म्हणून न्यायची, दुपारी उसवायची आणि टीचरच्या जुन्या चांदण्यांसारखी परत शिवायची. मीही त्या कटात होतो. दोरा माझ्याकडचा.

सात चांदण्या अशा झाल्या. आठव्या दिवशी टीचर म्हणाल्या, "वनिता, त्या सात जरा आण." आणल्या. त्यांनी एकेकीच्या कडेवरून बोट फिरवलं.

"तुझा टाका बारीक आहे गं. माझा चांगल्या डोळ्यांनीही कधी इतका बारीक नव्हता."

वनिता रडायला लागली. टीचर तिच्यावर रागावल्या नाहीत, तेच वाईट झालं. त्यांनी सातही चांदण्या तिच्या ओटीत घातल्या आणि म्हणाल्या, "या तू वाट, तुझ्या नावाने. दुसऱ्याच्या हातची चांदणी माझी म्हणून मी कशी देऊ? यंदा माझ्याकडून राहू दे."

एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच कात्री डब्यात गेली.

* * *

ही बातमी मोईनचाचांना मी सांगितली. ते आता लूमवर जात नाहीत, दम लागतो. ते म्हणाले, "सुई की ज़रूरत क्या है?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. लूमवर धागा तुटला की कारागीर तो बोटांनी जोडतो. गाठ इतकी बारीक आणि चपटी बसते की कापडावर हात फिरवला तरी लागत नाही. आणि ती गाठ कोणी बघून मारत नाही. नजर चालत्या लूमवर असते, गाठ बोटं मारतात.

चाचांनी गोडाऊनच्या पुठ्ठ्याच्या चार पट्ट्या एकमेकींवर तिरक्या ठेवल्या, मध्ये दोरा आवळला आणि पट्ट्यांवरून गुंडाळत गेले. रंग बदलायचा तिथे गाठ. आठ टोकांची चांदणी झाली. मधला तुकडाही दोऱ्यातच अडकतो. सुई नाही, खळ नाही. बघणारे आम्ही, चाचांचे डोळे मात्र पूर्ण वेळ रस्त्यावर.

शिकवणी माझ्या गाळ्यात सुरू झाली. टीचर गादीवर, चाचा स्टुलावर. पहिल्या दिवशी चाचांनी भराभर गाठ मारून दाखवली आणि म्हणाले, "बस, ऐसे."

टीचर म्हणाल्या, "मास्तर, हे शिकवणं नाही, हे दाखवणं झालं. माझ्या बोटांवर तुमची बोटं ठेवा आणि सावकाश सांगा."

चाचांना आयुष्यात कोणी मास्तर म्हटलं नव्हतं. शाळेचं तोंड न पाहिलेला माणूस तो. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून आले.

टीचरची गाठ पंधरा दिवस सुटत होती. ओढली की दोन्ही टोकं हातात. एकदा त्यांनी दोरा फेकून दिला. चाचांनी तो उचलून परत हातात ठेवला. "टीचरजी, मुझे मालिक ने एक महीना गाली दी थी, तब आई. आप को तो कोई गाली भी नहीं दे रहा."

"तेच चुकतंय मग," टीचर म्हणाल्या आणि परत बसल्या.

मी त्या दिवसांत दुसऱ्याच भानगडीत होतो. माझ्या गादीच्या खोळीला कोपऱ्यात भोक पडलं होतं. कापडाच्या गाळ्यात उंदीर म्हणजे खेळ नाही. मी पिंजरा लावला, रोज ताजं भजं ठेवायचो. भजं तसंच, उंदराचा पत्ता नाही. चाचांनी जागा बदलून पाहायला सांगितलं, वनिताने भज्याऐवजी सुकट ठेवायला सांगितली. टीचर दोरा गुंडाळत म्हणाल्या, "शेठ, उंदीर हुशार दिसतो."

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पहिली गाठ टिकली. टीचरने ती ओढली, परत ओढली, मग चाचांपुढे धरली. चाचांनी डोळे मिटून बोट फिरवलं आणि म्हणाले, "कहाँ है गाँठ? मुझे तो नहीं मिली."

* * *

नाताळच्या सकाळी मी मुद्दाम लवकर गाळा उघडला. टीचर चर्चमधली मिस्सा करून आल्या आणि पांढऱ्या साडीत, खांद्याला पिशवी लावून चाळीत शिरल्या. वनिता हात धरायला गेली, तर तो त्यांनी सोडवला. भिंतीला हात लावत एकेक दार.

दारात थांबायच्या, पिशवीत हात घालायच्या, चांदण्यांच्या मधला तुकडा चाचपायच्या. जाडसर सतरंजीचा, ती दुसऱ्या खोलीची. गुळगुळीत, ती नव्या सुनेची. सातव्या खोलीपाशी हात पिशवीत गेला आणि लगेच बाहेर आला. लुंगीचा तुकडा. चाचांनी चांदणी घेतली आणि एकेक गाठ शोधत बसले. वनिताच्या चांदणीत गोडाऊनच्या ॲप्रनचा निळा तुकडा होता. ती म्हणाली, "मी म्हनतंय, ॲप्रन फाटला कुठं!"

एकही चांदणी चुकीच्या दारात गेली नाही. मी मोजत होतो. एकोणीस.

मग टीचर चाळीतून बाहेर आल्या. रस्ता ओलांडला, माझी पायरी पायाने चाचपली आणि वर आल्या. पिशवीत हात घातला.

"शेठ, नाताळच्या शुभेच्छा."

मी चांदणी घेतली. लाल, हिरवी, आठ टोकांची. मध्ये रुपयाएवढा तुकडा, मळकट पांढरा, त्यावर करड्या रेघा. टीचर चहाला थांबल्या नाहीत. त्यांना गोठ्यापाशी जायचं होतं, वनिता काजळ घेऊन थांबली होती.

त्या गेल्यावर मी गादीचा कोपरा उचलला आणि चांदणी भोकापाशी धरून पाहिली. रेघेला रेघ लागली.

नव्या खोळीसाठी दोन मीटर कापड कापून ठेवलं होतं. ते घडी करून कटपीसच्या ढिगात टाकलं, पिंजरा माळ्यावर ठेवला, आणि त्याच गादीवर बसून दिवसाची बोहनी केली.