दुखवट्याचा ठराव

आमच्या मंडळाला मेलेली माणसं फार आवडतात. जिवंत माणसाच्या कामासाठी चार जण जमवायचे तर फोन करून करून घसा बसतो. कुणी गेलं म्हटलं की मात्र सतरंजी, समई, फोटो, हार, सगळं अर्ध्या तासात हजर. बसवनगुडीतल्या त्या हॉलमध्ये माझं सगळं लहानपण गेलंय. आमची घराणी या कानडी गावात तीनेकशे वर्षांपासूनची. कानडी शब्दांवाचून आमचं एक वाक्य पुरं होत नाही, म्हणून मराठी टिकवायला आम्ही महिन्यातून एका रविवारी जमतो. सभा सुरू होते ती दुखवट्याच्या ठरावाने. महिन्याभरात कुणीच गेलं नसेल तर लोकांना चुकल्या-चुकल्यासारखं होतं. हे मी पूर्वी थट्टेने सांगत असे.

माझ्या वरच्या खोलीत एक मुलगी भाड्याने राहते. आफ्रिकेतल्या एका देशातून फार्मसी शिकायला आली आहे. देशाचं नाव लिहीत नाही, कारण तिची आई अजून तिथेच राहते. मुलगी मला अक्का म्हणते. ते तिला कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याने शिकवलं. माझ्या हातची अवरेकाळूची, म्हणजे पावट्यांची, उसळ खाते आणि तिखट लागलं की नाक पुसत हसते.

या वर्षी तिच्या देशात निवडणुका झाल्या. मोजणी चालू असतानाच निकाल जाहीर झाला. लोक रस्त्यावर उतरले आणि मग घराघरातून माणसं उचलायला सुरुवात झाली. तिचा मोठा भाऊ शाळामास्तर. मोजणी केंद्राबाहेर उभं राहून आत काय चाललंय ते त्याने फोनवरून लोकांना दाखवलं, एवढाच त्याचा गुन्हा. त्याला बिनानंबरच्या गाडीतून नेलं. पोलीस म्हणतात, असा कुणी माणूस आमच्याकडे नाहीच.

युरोपातल्या एका मानवी हक्कांच्या संस्थेने अशा हरवलेल्यांची बाजू घेतली होती. त्यांचं म्हणणं साधं होतं. त्या सरकारला घरच्यांच्या रडण्याची पर्वा नाही, पण बाहेरच्यांच्या नजरेची धास्ती आहे. तेव्हा जगभरातल्या लहानमोठ्या मंडळांनी, शाळांनी, क्लबांनी तिच्या भावाचा फोटो हातात धरायचा आणि आपापल्या भाषेत एकच प्रश्न विचारायचा: हा माणूस कुठे आहे? जितक्या ठिकाणांहून विचारतील तितकं त्याला मारून टाकणं अवघड. मुलगी माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून हे सांगत होती आणि हातातला पेला उगाचच पुसत होती.

मी अण्णाकडे गेले. अण्णा माझा चुलत भाऊ, बँकेतून निवृत्त झालेला, आणि मंडळाचा अध्यक्ष. तो कधीपासून अध्यक्ष आहे ते आता कुणालाच आठवत नाही.

"इलेक्शन म्हणजे राजकारण," तो म्हणाला. "मंडळाच्या घटनेत राजकारण बसत नाही."

"अण्णा, माणूस कुठे आहे एवढंच विचारायचंय. मराठीत. एका मिनिटाचं काम."

"आणि उद्या कुणी म्हणालं, तुम्ही कशाला तिकडे नाक खुपसता? आपण इथे पाहुण्यासारखं राहावं."

तीनशे वर्षं राहिलेला पाहुणा मी पहिल्यांदाच पाहत होते. तसं म्हणालेही. तो हसला. "बरं, स्वल्प थांब. चिडू नको. फोटो पाठव. माणुसकीचं काहीतरी करू."

सरी, ठीक आहे, म्हणून मी घरी आले. खरं सांगायचं तर खुशीत आले.

रविवारी मी हॉलच्या मागच्या बाजूला केसरीभाताचं, म्हणजे इथल्या शिऱ्याचं, पातेलं उतरवून घेत होते. मुलगी पहिल्या रांगेत बसली होती, चर्चला जाताना घालते तो पिवळा झगा घालून. हात पुसत मी बाहेर आले आणि जागच्या जागी थिजले. स्टेजवर खुर्ची, खुर्चीवर त्याचा फोटो, फोटोला शेवंतीचा जाडजूड हार, आणि पुढे समई तेवत असलेली.

मुलगी मागे वळली. तिचे डोळे भरून आले होते. "अक्का, तुमच्या लोकांनी त्याचा केवढा मान केला!"

ती इथे आल्यापासून तिने हार पाहिले होते ते मंत्र्यांच्या गळ्यात, नवरदेवाच्या गळ्यात, देवळातल्या देवांना, आयुधपूजेला रिक्षांना. फोटोला घातलेल्या हाराचा आपल्याकडे काय अर्थ होतो, हे तिला कोण सांगणार? तिने त्या हारासकट फोटो काढला होता आणि आईला, शिवाय त्या युरोपातल्या संस्थेला, पाठवूनही दिला होता.

तेवढ्यात अण्णाने माईक हातात घेतला. परदेशातील एका होतकरू शिक्षकाच्या दुःखद निधनाबद्दल मंडळ तीव्र शोक व्यक्त करीत आहे. मृतात्म्यास शांती लाभो. सगळे उठून उभे राहिले, माना खाली घातल्या. मुलगीही उभी राहिली आणि छातीवर हात ठेवून रडू लागली. तिला वाटलं, इतके अनोळखी लोक तिच्या भावासाठी प्रार्थना करताहेत.

"बसा खाली!" मी ओरडले. "तो मेलेला नाही!"

पुढच्या रांगेतल्या एका बाईने मागे वळून ओठांवर बोट ठेवलं. मौन मोडलं म्हणून. त्यांनी दोन मिनिटं पुरी केली, अगदी घड्याळ बघून, ओम शांती म्हटलं, आणि मग कोण ओरडलं ते पाहायला माना वळवल्या.

मी अण्णाला स्टेजच्या पायरीवरच गाठलं. तो मलाच समजावू लागला. "अगं, आवाहन म्हटलं की वाद. सही कोण करणार, कोण नाही. दुखवट्याला विरोध कोण करतो? बघ, सर्वानुमते पास झाला."

"पण तो जिवंत आहे."

"असला तर आनंदच आहे. आपल्या दुखवट्याने कुणी मरतं होय?"

तोवर केसरीभाताच्या प्लेटा फिरू लागल्या होत्या. लोक तूप सुटलेला घास तोंडात टाकत येलहंक्यातल्या प्लॉटचे भाव सांगत होते. रागाची मला सवय आहे, मी जन्माची तापट. पण त्या दिवशी राग नव्हता, किळस होती. ही माझी माणसं, यांच्या मांडीवर मी वाढले, आणि यांच्या ताटाला ताट लावून बसणं मला अशक्य झालं.

मुलीला मी रिक्षात हाराचा अर्थ सांगितला. फोन काढून तिने तो फोटो पुसायचा प्रयत्न केला. आईने तो केव्हाच पाहिला होता. फुलं छान आहेत, असं उत्तरही आलं होतं.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी हे लिहिलं नसतं. मंडळाच्या सेक्रेटरीबाईंनी समारंभाचे फोटो फेसबुकवर टाकले. एरवी त्या मराठीचा आग्रह धरतात, पण विषय आंतरराष्ट्रीय म्हणून मजकूर इंग्रजीत लिहिला: निधनाबद्दल शोक, पूर्ण नाव, देशाचं नाव, सगळं. इथल्याच हेब्बाळला राहणाऱ्या तिच्या एका देशबांधवाने तो पाहिला, हळहळून पुढे पाठवला, आणि आठवडाभरात तो तिकडच्या सरकारी गोटातल्या लोकांच्या हातात पडला. त्यांना तर सुंठीवाचून खोकला गेला. आईला ठाण्यावर बोलावून अधिकाऱ्याने फोटो दाखवला. तुमचा मुलगा आमच्याकडे नव्हताच. तो इंडियात पळाला, तिथेच मेला. हा बघा अंत्यविधी, आणि ही पुढे उभी राहून रडणारी तुमचीच मुलगी ना?

संस्थेचाही फोन आला. फार सभ्यपणे बोलले. मृत्यूची बातमी खोटी आहे असं मंडळाने लेखी कळवेपर्यंत हरवलेल्यांच्या आवाहनातून त्याचं नाव बाजूला ठेवावं लागेल, म्हणाले. मी माझा जबाब पाठवला होता, पण ठराव मंडळाचा होता.

मी पुन्हा अण्णाकडे गेले. मुलगी बरोबर होती. त्याने तिला कॉफी दिली, बिस्किटं दिली, आणि मला मराठीत म्हणाला, "मंडळाने दुखवटा मागे घेतल्याचं आजवर उदाहरण नाही. वार्षिक सभेत मांडून बघू. घाई कशाला?"

मी त्याला काय म्हणाले ते इथे लिहीत नाही. कानडीत म्हणाले, एवढं सांगते.

फेसबुकवरचे फोटो माझ्या आरडाओरड्यानंतर निघाले. मंडळाचं पत्र अजून मिळालेलं नाही. मुलगी रोज आईला फोन करून एकच गोष्ट सांगते: तो इथे कधी आलाच नव्हता, तो हार चुकून घातला होता. आईचा विश्वास बसत नाही. चुकून कुणी एवढी माणसं जमवून दिवा लावतं का?

परवा सकाळी मुलगी खाली आली आणि फोन माझ्यापुढे धरला. आईला माझ्याशी बोलायचं होतं. पडद्यावर काळा रुमाल बांधलेली, माझ्याच वयाची बाई. ती हळू आवाजात काहीतरी म्हणाली. मुलीने ते मला सांगायला वेळ लावला.

"आई म्हणते, माझी मुलगी मला जपायला खोटं बोलते. तुम्ही तरी खोटं बोलू नका. त्याला कुठे पुरलंत, तेवढी जागा सांगा."