नऊ पाचचा सूर्य

माझं पोस्टिंग उत्तर काश्मीरमध्ये, बारा हजार फुटांवरच्या एका पोस्टवर होतं. आम्ही अठरा जण. पोस्टखाली एक नाला आणि त्याच्या डोक्यावर बर्फाचा सरळ उतार. खालच्या कॅम्पला जायचं तर नाला ओलांडावाच लागे. नियम एकच होता: उतारावर ऊन पडायच्या आत पार व्हायचं. ऊन लागलं की बर्फ सुटून खाली कोसळतो.

ऊन किती वाजता पडतं ते रोज पाहून फळ्यावर लिहिण्याचं काम माझ्याकडे होतं. मी नंदुरबार जिल्ह्यातल्या विसरवाडीजवळचा, घरी आदिवासी कोकणी बोलणारा. आमचे सेक्शन कमांडर नाईक भटू गिरासे, म्हणजे उस्ताद, त्याच जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यातले, तापीकाठचे. तेवढ्या उंचीवर आम्ही एका गल्लीतले झालो होतो.

"काय गावित, आज तुन्हा सूर्य कितला वाजता ड्युटीवर उना?"

"नऊ चौदा, उस्ताद."

"त्याले सांग, उद्या लेट उना ते रगडा लागी."

नंदुरबार आणि ती पोस्ट जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत. म्हणजे दुपार दोन्हीकडे एकाच वेळी होते. पण डिसेंबरात तिथला दिवस आपल्यापेक्षा तासभर लहान असतो आणि जूनमध्ये तासभर मोठा. पृथ्वीचा अक्ष साडेतेवीस अंशांनी कललेला आहे. हिवाळ्यात उत्तरेची बाजू सूर्यापासून दूर झुकते, उन्हाळ्यात त्याच्याकडे. जितकं उत्तरेला जाल तितका या झुकण्याचा परिणाम जास्त. म्हणून तिथे दिवस वाढतोही आपल्यापेक्षा भराभर. शिवाय डिसेंबरअखेरपासून जूनपर्यंत सूर्य उगवण्याची जागा रोज उत्तरेकडे सरकते. हे सगळं मी आठवीत शिकलो होतो. परीक्षेत लिहिलंही होतं.

फेब्रुवारीत सलग नऊ दिवस बर्फ पडला. सूर्य दिसला नाही. फळा रिकामा ठेवणं मला कमीपणाचं वाटलं. मी उस्तादांना विचारलं.

"संक्रांत व्हयनी ना? आते दिन तिळतिळ वाढस. रोज एक मिनिट कमी कर."

आपल्याकडे ते चालून जातं. आम्ही दोघंही तेच ऐकत वाढलो. मी रोज एक मिनिट कमी केलं. नवव्या दिवशी फळ्यावर ०९०५ लिहिलं. त्याच खडूने, त्याच अक्षरात, डोळ्यांनी पाहिल्यासारखं.

दहाव्या पहाटे आभाळ उघडलं. आमच्या एका जवानाच्या फुप्फुसात पाणी झालं होतं. त्याला त्याच दिवशी खाली न्यायचं होतं, नाहीतर तो वाचला नसता. स्ट्रेचर उचलायला चार जण, मागे उस्ताद. ०८१५ ला ते निघाले. मी वायरलेस सेट घेऊन वर संत्री ड्युटीला होतो.

०८३८ ला उतार चमकला. सूर्य नेहमीच्या डोंगरधारेवरून आला नव्हता. नऊ दिवसांत सरकत तो शेजारच्या खिंडीत पोहोचला होता. धारेपेक्षा खिंड बरीच खोल, म्हणून ऊन लवकर आलं. स्ट्रेचर नाल्याच्या मधोमध होतं.

"उस्ताद, ऊन लागलं. ओव्हर."

"कितला वाजनात? ओव्हर."

"आठ अडतीस. ओव्हर."

"तू ते नऊ पाच लिखेल व्हतं."

मग आवाज बदलला. "स्ट्रेचर पुढे. थांबायचं नाही. आउट."

उचलणाऱ्यांपैकी एक जण कमरेपर्यंत रुतला. उस्तादांनी काही पावलं त्याच्या जागी खांदा दिला, मग मागे येऊन त्याला ओढून बाहेर काढलं आणि स्ट्रेचरकडे ढकललं. ०८४७ ला उतार सुटला. स्ट्रेचर पलीकडच्या कातळाआड गेलं होतं. उस्ताद पंधरा पावलं मागे होते. ते आम्हाला ११२० ला बर्फाखाली सापडले.

आजारी जवान बरा झाला.

कागदावर 'नैसर्गिक आपत्ती' असं आलं. निसर्गापुढे कुणाचं चालत नाही, असं मला सगळ्यांनी सांगितलं. मला ते मान्य नाही. पृथ्वीने तिची वेळ चुकवली नव्हती. मी अंदाज लिहिला आणि तो अंदाज आहे हे लिहिलं नाही. फळ्यावर 'माहीत नाही' एवढं असतं तर ते उजाडताच निघाले असते. मी हे कंपनी कमांडरांना उभं राहून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. त्या दिवसापासून आमच्या फळ्यावर अंदाजाच्या आकड्याभोवती गोल काढला जाऊ लागला.

सुट्टीत मी उस्तादांच्या घरी गेलो. वहिनींना सगळं सांगितलं. कोणी लिहिलं होतं, तेही.

"त्यासले समजेल व्हतं का, टाइम चुकना म्हनीसन?"

"हो. त्यांनी मला विचारलं होतं."

"तरी मांगे ऱ्हायनात?"

"बाकीच्यांना आधी पुढे घातलं."

वहिनी म्हणाल्या, "असंच सांगत जाय. निसर्ग म्हनू नको."

आता मी सैन्यात नाही. शाळेत, गावात, जिथे बोलावतात तिथे मी असंच सांगतो. नाईक भटू गिरासे, वय एकतीस. उघड्या उन्हात त्यांनी पाच जणांना पार नेलं. वेळ मी लिहिली होती.