शलाकाच्या संडासातला फोटो

शलाका बर्वेने सासूचा फोटो संडासात लावलाय, ही बातमी ॲमस्टरडॅमच्या बुइटनव्हेल्डर्टमधून निघाली आणि कुकरच्या तीन शिट्ट्या व्हायच्या आत रॉटरडॅमला पोचली. पोचवणारी पूर्णिमा. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती शलाकाकडे गेली, "आलेच हं" म्हणून आत शिरली, दार लावून बसते तर समोर, गुडघ्यांच्या जरा वर, शलाकाच्या सासूबाई! चष्मा, अबोली काठाची साडी, आणि नजर थेट. पूर्णिमा म्हणे गेली तशीच परत आली. बातमी लायडनला जाईतो फोटोला हारही चढला. बाई तिकडे चिंचवडला ठणठणीत आहेत, रोज सकाळी फिरायला जातात, तो भाग वेगळा.

आता शलाका काही सासूशी भांडणारी बाई नव्हे. तेवढी तिला फुरसतच नव्हती. नवऱ्याच्या, अभिजितच्या व्हिसाला बांधून ती इकडे आली तेव्हा पुण्याची मायक्रोबायोलॉजीची पदवी बॅगेच्या तळाशी होती, आणि ती तिथेच राहिली. मग यशोधन झाला. डच शिकली, सायकल शिकली, मंडळाच्या गणपतीत दरवर्षी मोदकांची जबाबदारी बिनबोभाट अंगावर घेतली. आणि सहा वर्षांनी लायडनच्या एका प्रयोगशाळेने तिला बोलावलं. नोव्हेंबरपासून रुजू, पहिला महिना चाचणीचा.

नोव्हेंबरातच यशू चार वर्षांचा होणार होता. या देशात मूल चार वर्षांचं झालं की शाळेत जातं, जूनची वाट कोणी बघत नाही. फक्त डायपर सुटलेला हवा. यशूचा अर्धा सुटला होता. लहान काम तो ऐटीत करायचा. मोठ्या कामाला मात्र स्वतः कपाटातून डायपर काढून आणायचा, सोफ्यामागे जाऊन उभा राहायचा आणि कोणी बघितलं तर तोंड फिरवायचा.

शाळेतली बाई, म्हणजे इथली 'युफ', गोड हसून म्हणाली, "माझ्याकडे वर्गभर मुलं आहेत. असं काही झालं की मी तुम्हाला फोन करणार, तुम्ही यायचं."

शलाका लायडनला, यशू ॲमस्टरडॅमला. असे चार फोन आले की नोकरी संपली.

ऑगस्टमध्ये सासूबाई, लीलावतीबाई, आल्या. त्यांनी येताच सांगितलं, "त्यात काय एवढं? आमचा अभि दीड वर्षाचा असताना..."

"आई, नको," अभिजित म्हणाला.

पण आईंनी विषय घेतलाच, आणि नुसता घरात नाही, 'बर्वे परिवार' ग्रुपवर घेतला. झालं! चिंचवडहून यशूची कीर्तीआत्या रोज सकाळी व्हिडिओ कॉल करून विचारायची, "काय बातमी?" कोणी काळ्या मनुका सुचवल्या, कोणी एरंडेल. एका काकांनी आगाऊ टाळ्या पाठवल्या. यशू कॉलची रिंग ऐकली की टेबलाखाली. पुढे तर त्याने कामच बंद केलं. पाच दिवस. पोट दगड, डोळ्यांत पाणी.

डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं, मग शलाकाला विचारलं, "घरात याविषयी किती जण बोलतात?"

"पुण्याचे धरून, की सोडून?" शलाका म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. पोट नरम करायला एक पावडर पाण्यातून द्या, म्हणाल्या. जेवणानंतर थोडा वेळ बसवा, पाय लोंबकळू देऊ नका, खाली स्टूल द्या. रागवायचं नाही आणि टाळ्याही वाजवायच्या नाहीत. "आणि कोणी काही विचारायचं नाही. हे त्याचं खासगी काम आहे."

सोबत आलेल्या लीलावतीबाई घरी पोचल्यावर "बाई मलाच बोलली," एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनीच ग्रुपवर फर्मान काढलं, की या विषयावर आजपासून अवाक्षर नको.

"बरं. पण झाली का?" कीर्तीआत्या.

"कीर्ती!"

त्या रात्री शलाकाने यशूला जवळ घेतलं. "तुझी ही गोष्ट मी कोणालाही सांगणार नाही. प्रॉमिस."

"पूर्णिमा मावशीला पण?"

"तिला तर मुळीच नाही."

राहता राहिली भीती. खालच्या मजल्यावरचा तो संडास म्हणजे बिनखिडकीचं कपाट. एकटा आत जायचाच नाही. मग लीलावतीबाई उघड्या दाराशी मोडा टाकून बसू लागल्या. त्याच्याकडे बघायच्या नाहीत. मटार सोलत आपल्या बँकेतल्या नोकरीच्या गोष्टी सांगायच्या, काउंटरवर रोज येऊन पाच रुपये भरणाऱ्या आजोबांची वगैरे. सप्टेंबरात एक दिवस आतून आवाज आला. कोणी टाळी वाजवली नाही. स्वयंपाकघरात अभिजितने फक्त फ्रीजला मिठी मारली.

पण गाडी तिथेच अडली. आजी जरा हलली की आतून ओरडा, "आजी, ब्लेव्हन!" म्हणजे थांब, तिथेच थांब. शलाका बसली तर नको, अभिजित तर नकोच. आणि आजीचा व्हिसा ऑक्टोबरअखेर संपत होता.

"आई, तुम्ही गेल्यावर कसं हो?" शलाकाने शेवटच्या आठवड्यात विचारलं.

"बघू," म्हणाल्या, आणि बॅगेत चीज भरायला लागल्या.

त्या गेल्या. दुसऱ्या दिवशी न्याहारीनंतर यशू उठला, आत गेला. शलाका जिन्यात कान देऊन उभी. आत तो कोणाशी तरी बोलत होता, पाच रुपयेवाल्या आजोबांचं काहीतरी. मग पाण्याचा आवाज. मग हात धुवून तो ऐटीत बाहेर.

शाळा सुरू झाली. युफचा फोन महिन्याभरात एकदाच आला, रेनकोट विसरला म्हणून. शलाकाची नोकरी पक्की झाली.

आणि मग संक्रांत आली, पूर्णिमा आली. दोन दिवसांनी रॉटरडॅमहून मैत्रीण सानिकाने फोन करून सरळच विचारलं, "खरं का गं? सासूला संडासात?"

एका वाक्यात सगळं मिटलं असतं. पण समोर यशू बसून चित्र रंगवत होता.

"हो," शलाका म्हणाली. "डच लोक नाही का तिथे वाढदिवसांचं कॅलेंडर लावत? मी फोटो लावला."

"अगं, पण सासू!"

"मग काय, तुझा लावू?"

फोन ठेवून ती इतकी हसली की यशूही हसायला लागला. बातमी कीर्तीआत्यामार्फत चिंचवडला पोचली, तेव्हा लीलावतीबाई म्हणाल्या, "फोटो बरा दिसतोय का, ते विचार त्या पूर्णिमेला."

फोटो त्यांनीच निघायच्या दिवशी सकाळी, यशूला शेजारी उभं करून, त्याच्या नजरेच्या उंचीवर चिकटवला होता.