किनारीचं वजन

सगळ्यात आधी जॉबरकाका. माग बिघडला की तो सुरू करून देणारा तो जॉबर. आमच्या टॉवेलच्या कारखान्यात त्या कामावर चारजण आहेत, पण नुसतं 'काका' म्हटलं की सगळ्यांना एकच माणूस कळतो. सोलापुरात मला खोली त्यांनी बघून दिली. कडक भाकरी कशी चुरायची आणि शेंगाची चटणी किती घ्यायची, तेही त्यांनीच शिकवलं. आणि गोल्फच्या काठ्या निवडताना मी जी चूक केली ती न रागावता, माझ्याच हाताने तपासायला लावून, त्यांनी मला दाखवली. म्हणून पहिलं त्यांचं. आता काय झालं ते सांगतो.

मी भंडाऱ्याकडचा. नववीत गणितात नापास झालो. ग्रेसचे मार्क धरूनही चार कमी पडले, आणि त्याच वर्गात पुन्हा लहान पोरांबरोबर बसायची लाज वाटली म्हणून शाळाच सोडली. मग वीटभट्टी, हॉटेल, ट्रकवरचा हमाल असं करत करत सोलापूरला पोचलो, त्याला आता अकरा वर्षं झाली. काम चेकिंगचं. टेबलावर उजेडात टॉवेल पसरायचा आणि सुटलेला धागा, तेलाचा डाग, पातळ पडलेला पट्टा दिसला की खडूने खूण करायची; तो 'सेकंड', म्हणजे कमी भावाचा माल. या कामात मी चांगला आहे. चुका शोधायची सवय मला आधीपासूनच होती. फरक एवढाच, की पूर्वी त्या स्वतःत शोधायचो आणि त्याचा पगार मिळत नव्हता.

गोल्फ आमच्याकडे आला तो टॉवेलच्या पाठीवर बसून. परदेशात गोल्फवाले पिशवीला छोटा टॉवेल अडकवतात. तो आम्ही विणतो, कोपऱ्यात पितळी कडी मारून. पाहुणे येतील, चार फटके मारतील, टॉवेल वापरून बघतील म्हणून शेठनी कारखान्यामागच्या माळावर सहा खड्डे करून घेतले. पाहुणे दोनदा आले. त्यानंतर माळ आमचाच झाला. सुट्टीच्या दिवशी ऊन चढायच्या आत दहा-बाराजण खेळतात. गवत नावालाही नाही. खड्ड्याभोवती तेल पाजलेली काळपट वाळू गोल पसरलेली असते, तिला आम्ही 'तवा' म्हणतो. बाकी सगळा मुरूम. लोखंड मुरमावर खरवडू नये म्हणून प्रत्येकाच्या खिशात बाद टॉवेलचा तळहाताएवढा तुकडा असतो. चेंडू त्यावर ठेवायचा आणि मारायचा. फटक्यासरशी चेंडूबरोबर तुकडाही उडतो, आणि नवा माणूस हमखास तुकड्यामागे पळतो. मी पहिले सहा महिने तुकड्यामागेच पळत होतो.

घरी फोनवर आईला हे सांगितलं. ती म्हणाली, "चेंडू मारतं म्हंतं, मंग तो वापस कोन आनते?"

"मीच."

"मंग मारतंच कायले?"

याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. पण आठवड्यातून एक सकाळ अशी असते, की त्या दोन तासांत मी दूर कुठे आलोय असं मला वाटत नाही. हे आईला फोनवर सांगता येत नाही.

दरवर्षी संक्रांतीची गड्ड्याची जत्रा संपली की शेजारच्या डाइंगवाल्यांशी, म्हणजे सूत रंगवणाऱ्यांशी, आमची जोडीची मॅच होते. जोडीत चेंडू एकच: एकाने तो तव्यापर्यंत न्यायचा, तिथून दुसऱ्याने खड्ड्यात घालायचा, आणि ज्यांना टोले कमी लागतील ते जिंकले. काकांचे कायमचे जोडीदार बॉयलरवाले. ते नोकरीतून सुटले आणि मुलीकडे टेंभुर्णीला राहायला गेले. कॅन्टीनमध्ये कुणीतरी विचारलं, "काका, यंदा जोडीला कोन?"

काका बशीत चहा ओतत होते. त्यांनी मान न उचलता माझ्याकडे बोट केलं. "ह्यो."

"आवो, तुमची शेवटची मॅच हाय की! मार्चात सुटणार तुमी. हा भंडाऱ्याचा गडी चेंडूपेक्षा लांब सवताच जातोय."

"जाऊ द्या की. परत बी येतोय न्हवं? मी सांगतो, हा खेळंल."

सगळे हसले, मीही हसलो. माझ्यासाठी आजवर कुणी चारचौघांत शब्द टाकला नव्हता. तो शब्द माझ्यामुळे खोटा पडला तर? हारजितीचं मला एवढं नव्हतं. छत्तीस वर्षं माग लावलेल्या माणसाला कॅन्टीनमध्ये मार्चपर्यंत टोमणे ऐकावे लागतील, याची धास्ती होती.

त्याच आठवड्यात पुण्याच्या एका खरेदीदार साहेबांनी आपल्या काठ्यांचे दोन जुने सेट कारखान्यात पाठवले. गुडघ्यामुळे त्यांचं खेळणं सुटलं होतं. ऑफिसने ठरवलं, एक आमच्या जोडीला, एक डाइंगच्या जोडीला. काका वयाने मोठे म्हणून पहिली निवड त्यांची. काका म्हणाले, "मला माझ्या हायत त्याच बऱ्या. तू निवड. शनवारपर्यंत सांग म्हणं ऑफिसात." म्हणजे मी जो सोडीन, तो समोरच्यांच्या हातात जाणार.

मी दोन्ही सेट चेकिंगच्या टेबलावर मांडले आणि मालासारखे तपासले. पहिला ब्लेड. लोखंडी डोकं सुरीसारखं सडपातळ, कड बारीक, पाठ भरीव आणि आरशासारखी. दुसरा कॅव्हिटी. डोकं थोराड, तळ रुंद आणि पाठ आतून कोरून काढलेली, वाटीसारखी. मी बोट फिरवलं, बोट पोकळीत गेलं, आणि माझ्या मनाने तिथेच निकाल दिला: धातू चोरलाय. आमच्या धंद्यात वजन म्हणजे इमान. टॉवेल पातळ भरला की तो फसवणुकीचा माल. ही काठी तर उघडउघड मागून पातळ केलेली.

त्यात आमच्या तरण्या सुपरवायझरने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. "हे बघ, ब्लेड मोठे खेळाडू वापरतात. कॅव्हिटी नवशिक्यांची. वाकडं मारलं तरी सांभाळून घेते." नवशिक्यांची हा शब्द मला लागला. पुन्हा लहान पोरांच्या बाकावर बसल्यासारखं वाटलं. गुरुवारीच ऑफिसात जाऊन सांगितलं, ब्लेड. क्लार्कने कागदावर लिहून घेतलं. कॅव्हिटी डाइंगला.

काकांना हे सांगितलं, दुसरीत धातू चोरलाय हेही सांगितलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "सांगितलंस? बरं." थोड्या वेळाने परत आले. "उद्या पाळी सुटली की दोन्हीतली सात नंबरची काठी घिऊन सॅम्पलच्या खोलीत ये. आन् तुजा खडू आन."

सॅम्पलच्या खोलीत टॉवेल तोलायचा काटा आहे. काकांनी आधी ब्लेड ठेवली, मग कॅव्हिटी. मी काट्याकडे बघतच राहिलो. दोन्हींत हातरुमालाएवढाही फरक नव्हता.

"चोरलंय म्हणलास न्हवं? मग वजन कुटं गेलं?"

काकांनी माझा अंगठा धरून कॅव्हिटीच्या कडेवरून गोल फिरवला. कड जाड होती, सगळीकडून.

"हितनं काढलं, तितं ठेवलं. टॉवेलचं बग की. मऊपणा मधी असतोय, पन ओढाताण कोन सोसतंय? किनार. किनार भक्कम असली की कुटनं बी धर, टॉवेल वाकडा व्हत न्हाय. हे बी तसंच. चेंडू मधी न लागता कडंला लागला तरी डोकं लई फिरत न्हाय."

मग आम्ही माळावर गेलो. काकांनी दोन्ही काठ्यांच्या तोंडावर माझा चेकिंगचा खडू घासला. "वीस चेंडू हिनं, वीस तिनं. दर फटक्याला खूण बग. तू चेकर हायस, मी कशाला सांगू?"

मी मारत गेलो, खडू पुसत गेलो, बघत गेलो. खुणा टोकाला, खुणा टाचेला, खुणा खालच्या कडेला. ब्लेडच्या विसांत दोनच मधोमध. ते दोन फटके मात्र अजून हातात आहेत. हाताला काहीच लागलं नाही, जणू चेंडू आपणहून उठून गेला. बाकी अठरा वेळा मनगटापर्यंत झिणझिण्या, आणि चेंडू माळाच्या कडेच्या बाभळीत. कॅव्हिटीनेही मी तेवढंच वाकडं मारलं, खुणा तितक्याच विखुरलेल्या. पण चेंडू बाभळीच्या अलीकडे, बऱ्यापैकी सरळ पडत होते. एकदा काठी मुरमाला आधी टेकली, तर रुंद तळामुळे रुतली नाही, घसरत पुढे गेली.

"काय रिपोर्ट, चेकर?"

"सेकंडचा माल," मी स्वतःकडे बोट करून म्हणालो.

काका एवढे हसले की त्यांना खाली बसावं लागलं. मी म्हणालो, "पण काका, कॅव्हिटी नवशिक्यांची म्हणतात."

"मग तू कोन हायस?"

मी काठीवरचा खडू टॉवेलच्या तुकड्याने पुसायला लागलो.

"चार मार्क कमी पडले म्हणून शाळा सोडून हितवर आलास. आता काठी सवताहून मार्क देतीया, तर नको म्हणतोस व्हय? घ्यावं की बाबा. मी बी घेतो. माझ्या काठ्यांची पाठ कधी बघितलीस का?"

कधीच बघितली नव्हती. त्यांच्या गंजक्या काठ्या उलट्या करून बघितल्या. सगळ्या मागून पोकळ.

आता राहिलं ऑफिस. दिलेला शब्द परत घ्यायला ऑफिसची पायरी चढायची, हे मला माळावरच्या कुठल्याही फटक्यापेक्षा अवघड. रात्रभर तयारी केलेली सगळी वाक्यं शनिवारी दारात विसरलो. एवढंच म्हणालो, "साहेब, मी निवडायला चुकलो. दुसरा सेट द्याल का?"

क्लार्कने चष्म्यावरून बघितलं. "काय हो मोठे खेळाडू, दोन दिवसांत नापास?"

"हो," मी म्हणालो.

आणि काही झालं नाही. छत कोसळलं नाही. त्याने खोडरबर घेतलं, दोन शब्दांची अदलाबदल केली. डाइंगचा मास्तर ब्लेड मिळाली म्हणून खूशच झाला. त्यानेही तोच व्हिडिओ बघितला असावा.

मॅचच्या दिवशी गार वारा होता. तिसऱ्या खड्ड्याला मास्तरने ब्लेड चालवली आणि काठी टाकून हात झटकला. "आयला, करंट बसला की!" काका शांतपणे म्हणाले, "मास्तर, अर्थिंग करून घ्या." मी वाईट खेळलो, पण मला झेपेल एवढंच वाईट.

शेवटच्या खड्ड्याला दोन्ही जोड्या बरोबरीत. गेल्या वर्षी काका आणि बॉयलरवाले जिंकलेले, आणि आमच्यात बरोबरी झाली की बक्षीस जुन्या विजेत्याकडेच राहतं. म्हणजे मला फक्त चेंडू तव्याजवळ न्यायचा होता. तुकडा ठेवला, चेंडू ठेवला, सात नंबर उचलली. टोकाला लागला. कळलंच हाताला. डोळे मिटले. उघडले तेव्हा चेंडू तव्याच्या कडेला, वाळूत अर्धा आत, अर्धा बाहेर थांबलेला. टॉवेलचा तुकडा माझ्या पायाशीच पडला होता. पुढचं काकांनी दोन टोल्यांत संपवलं. डाइंगवाल्यांनाही तेवढेच लागले.

बक्षीस काय? टॉवेल. आमच्याच मागावरचा.

कॅन्टीनमध्ये काकांनी तो खांद्यावर टाकून चहा प्यायला. माझी नजर सवयीने टॉवेलच्या किनारीकडे गेली. एक धागा सुटलेला होता. खडू काढला नाही.

मार्चात काका सुटले. आता सुट्टीच्या दिवशी सकाळी घरून चालत येतात. परवा बोलता बोलता म्हणाले, "इतकी वर्सं खेळलो, पन गवतावरनं चेंडू मारायचा कसा, ते मला ठावं न्हाय बग." ते सहज म्हणाले, मी मात्र मनात धरून ठेवलंय. आमच्या भंडाऱ्याकडे धान कापून झालं की तळ्याच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, गवत दाट असतं, दवाने ओलं. एका वर्षी काकांना तिथे घेऊन जाईन. खिशात तुकडा नाही, पायाखाली मुरूम नाही. पहिला चेंडू त्यांचा. आणि तो परत कोण आणणार ते आईला सांगून ठेवलंय.