मनगट कोणी वळवलं?

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर तोंडावर खोटं म्हणत आले. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण डोकं जागेवर आहे. तरीही हे लिहिते...

भातकुलीला अंगणात पडले आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण हात लाकडासारखाच राहिला. मुलगा अकोल्याहून गाडी घेऊन आला. "माय, हात वळला नाही त घराले कुलूप लावू अन् आजच अकोल्याले चाल." त्याचं घर चांगलं, सूनही चांगली. मला तिथे राहायचं नव्हतं, एवढंच.

अमरावतीच्या दवाखान्यात मुलगा बाहेर बसला. आत व्यायाम घेणारी पोरगी. तिने मनगट वर, खाली, बाजूला करायला लावलं, पट्टीने मोजलं. मग म्हणाली, तळहात जोडून कोपरं उचला. उजवं मनगट वाकेना.

"आजी, डोळे मिटा. हात ढिला सोडा."

हात ढिला सोड म्हटलं की मला बांगड्या भरणंच माहीत. अंगठा आत घेऊन मी बोटं जुळवली. ती हसली. "आजी, बांगड्या नाही भरून राहिली मी."

मी डोळे मिटूनच होते. थोड्या वेळाने हात धरला गेला. अंगठ्याच्या मुळाशी दाब आला, मनगट हळूहळू मागे वळलं. दाबणाऱ्या अंगठ्यावर चिंधी गुंडाळलेली होती. बडनेऱ्याची बांगडीवाली खाला काच लागू नये म्हणून अशी चिंधी बांधायची. तिला जाऊन बरीच वर्षं झाली. मालक गेल्यापासून मी बांगडी घातलेली नाही.

बांगड्या भरून झाल्या की भरणारीला नमस्कार करायची आमची रीत. सवयीने मी हात जोडले...

"आजी, हे कसं केलं?"

आवाज दारातून आला. डोळे उघडले. पोरगी फोनवर बोलायला बाहेर गेली होती, मला सांगूनच म्हणे. मी ऐकलं नव्हतं. खोलीत मी एकटी, तळहात जुळलेले, कोपरं वर, दोन्ही मनगटं सारखी वाकलेली.

"तूच त वळवलं ना?" मी म्हटलं.

ती माझ्या उजव्या हाताकडे बघत होती. बोटांच्या मुळांवर लाल वळ उठला होता, घट्ट बांगडी चढवल्यावर उठतो तसा. मग तिने पुन्हा मोजलं.

मुलगा एकटाच अकोल्याला गेला.

सवयीने वाकलं असेल, असं मी स्वतःलाही सांगून पाहिलं. भाकरी थापताना ते पटतं. चिंधी आठवली की पटत नाही.