खाणाऱ्याकडून शिकलेली भज्जी

माझ्या आईनं मला स्वयंपाकघरात कधी फार वेळ उभं राहू दिलं नाही. "तू अभ्यास कर. भाकरी काय, कुणीही थापतं," असं ती म्हणायची. भाकरी कुणीही थापत नाही, हे कळायला मला लग्न करून सास्तूरला यावं लागलं. धाराशिवला वाढले, पुण्याला होस्टेलवर शिकले आणि मेसच्या डब्यावर नि हॉटेलच्या थाळीवर माझा पिंड पोसला गेला. लोहाऱ्याला एका कचेरीत नोकरी लागली तेव्हा मला चहा, मॅगी आणि फोडणीचा भात एवढंच येत होतं, आणि त्याचा मला थोडा अभिमानच होता.

घरात आत्या होत्या, म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्या आणि सासऱ्याला मामा म्हणतात. आत्यांच्या हाताखाली मी ताटं मांडली, लसूण सोलला, भाज्या निवडल्या. चुलीजवळचं काम त्यांनी मला दिलं नाही आणि मीही मागितलं नाही. दोघींचं बरं चाललं होतं.

मग एका उन्हाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि आत्या गेल्या. तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं, भावकीतून डबे येत होते. पाहुणे पांगले आणि स्वयंपाकघरात मी एकटी उरले.

नवरा उमरग्याला शिक्षक. संध्याकाळी येताना तो रस्त्यावरच्या ढाब्यातून पार्सल आणायला लागला. शेवभाजी, तंदुरी रोटी, पिशवीत गाठ मारलेला लालभडक रस्सा. आम्हा दोघांना ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. मामा मात्र अर्धी रोटी कांद्यासोबत चघळायचे आणि हात धुवायला उठायचे. "घ्या की अजून," म्हटलं की एकच उत्तर: "भूक न्हाय गं माय."

रोज तेच. त्यांचा सदरा अंगावर लोंबायला लागला. डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि रोग काही नाही, जेवण वाढवा म्हणाले. वाढवा म्हणजे काय वाढवा? अख्खी हयात रानात राबलेला धट्टाकट्टा माणूस माझ्या डोळ्यांदेखत वाळत चालला होता आणि त्याला पोटभर जेवू घालणं मला जमत नव्हतं. मला स्वतःचा इतका राग कधीच आला नव्हता.

आधी मोबाईलवर बघून भाकरी करायला घेतली. मोबाईलमधल्या बाईची भाकरी टम्म फुगायची आणि ती वर हसून बघायची. माझी भाकरी परातीतून उचलतानाच दुभंगायची. एकदा चिडून मी पिठाचा गोळा परातीत आपटला, तर मागून आवाज आला, "पाणी गार हाय."

मामा दारात उभे होते. त्यांनी जन्मात कधी चहासुद्धा केला नव्हता. पण आत्या भाकरी थापायच्या तेव्हा ते समोर पाटावर बसून गरम गरम खायचे. "ती आधनाचं पाणी घ्यायची. वाफ यायची पिठातनं. त्येवढं म्या बघितलंय," म्हणाले. गरम पाणी घेतलं. भाकरी फुगली नाही, पण तव्यावर अख्खी पोचली. मामांनी त्यातली अर्धी दह्यात कुस्करून खाल्ली आणि वाटी बोटानं पुसून घेतली. मी त्यालाच शाबासकी समजले.

तेव्हापासून आमची उलटी शाळा सुरू झाली. मामांना करता काहीच येत नव्हतं, पण खाल्लेलं सगळं पाठ होतं. मी करायचं, त्यांनी चाखायचं आणि आत्यांच्या हातचं कसं लागायचं ते आठवून सांगायचं. त्यांचं सांगणं म्हणजे एकेक कोडं. "तिच्या आमटीत कायतरी जळकं लागायचं. चांगलं जळकं." आता चांगलं जळकं म्हणजे काय? मी कांदा जाळला. "न्हाय." लसूण जाळला. "हे वाईट जळकं." शेवटी मी पळी ओट्यावर आपटली. "मामा, नीट आठवून सांगा. नाहीतर उद्यापासून परत पार्सल."

मामा हसले. आत्या गेल्यापासून पहिल्यांदा हसले. मग डोळे मिटून बसले आणि म्हणाले, "ती चुलीत काळी वाटी टाकायची." खोबऱ्याची वाटी! निखाऱ्यावर खरपूस भाजून वाटलेलं खोबरं. त्या रात्री आमटीत चुरून त्यांनी एक अख्खी भाकरी खाल्ली. मी आत जाऊन भांडी घासता घासता रडले. नवऱ्याला वाटलं हात भाजला.

असं करत करत मी बरंच शिकले. पिठलं, शेंगदाण्याची चटणी, धपाटे, हुलग्याची उसळ. दांडगाईनं शिकले म्हणा हवं तर. लग्नाच्या वाढदिवसाला आम्ही हायवेवरच्या एका मोठ्या हॉटेलात गेलो. हॉटेल मीच निवडलं होतं. तीन भाज्या मागवल्या, तिन्हींचा रस्सा एकच. घरी आलो तर मामा दुपारच्या भाकरीवर तेल-चटणी घेऊन बसले होते. मी त्यांच्याशेजारी बसले आणि त्यांच्याच ताटातली अर्धी भाकरी घेतली.

"आत्ताच तर खाऊन आलीस," नवरा म्हणाला.

"खाल्लं होतं. आता जेवते," मी म्हणाले. मामांनी चटणी माझ्याकडं सरकवली.

तरी मामांचा जीव पूर्ण लागत नव्हता. जेवायचे, पण माझं मन राखायला जेवल्यासारखे. स्वतःहून कधी मागायचे नाहीत. ताटात पडेल ते संपवायचं आणि अजून वाढू का म्हटलं की पुन्हा तेच, भूक न्हाय गं माय.

मग येळवस आली. मार्गशीर्षातल्या या वेळ अमावस्येला आमच्याकडं गावात माणूस सापडत नाही. सगळे रानात. कडब्याच्या पेंढ्यांची खोप करायची, आत पांडव म्हणून पाच दगड मांडायचे, काळ्या आईला भज्जीचा, म्हणजे पालेभाज्या नि दाण्यांच्या घट्ट भाजीचा, आणि आंबिलीचा नैवेद्य दाखवायचा आणि पोट फुटेस्तोवर जेवायचं. आणि एकट्यानं जेवायचं नाही. वाटेनं जाणारा ओळखीचा असो नसो, त्याला हाक मारून बसवायचं. आमचं रान रस्त्याला लागून. मामा बांधावर उभे राहून उपरणं हलवत हाका मारायचे आणि आत्या वाढून वाढून दमायच्या. मोटारसायकली, बैलगाड्या थांबायच्या. लग्नानंतरची पहिली येळवस मी तशी पाहिली होती.

गेल्या वर्षी सुतकाचं वर्ष म्हणून केली नाही. यंदा मामा म्हणाले, "औंदाबी नको."

"आता तयार भज्जी-आंबील मिळते की," नवरा म्हणाला. "सांगून ठेवतो."

"इकत आणल्यालं रानाला दावायचं?" मामा त्याच्याकडं बघेनात. "आन् हाक कशाच्या जिवावर मारू? हाक मारायची म्हंजी पाठीमागं सैपाक भक्कम पायजे. तिच्या जिवावर मारत हुतो म्या."

मला राग आला. कुणावर ते सांगता येणार नाही, बहुतेक आत्यांवरच. "मी करते," म्हणाले. "तुम्ही फक्त चाखा."

भज्जी मामांच्या जिभेवरच शिकले. आठवडाभर आधीपासून रंगीत तालीम. भाज्या कोणत्या? "रानात हिरवं असंल त्येवढं समदं." मेथी, चुका, पातीचा कांदा, तुरीचे नि वालाचे दाणे, ओला हरभरा, शेंगदाणे. आंबट किती? "एक डोळा बारीक व्हावा इतकं." चिंचेचं पाणी घालता घालता माझे दोन्ही डोळे बारीक झाले. घट्ट किती? "भाकरीवर घेतली तर ओघळ जाऊ न्हाय." तिसऱ्या खेपेला मामांनी बोट चाटलं आणि मान हलवली.

आंबिलीची तालीम मात्र राहिली. सोपीच वाटली म्हणून. आदल्या संध्याकाळी ताकात ज्वारीचं पीठ कालवून शिजवलं, लसूण-मीठ घातलं आणि आत्यांच्या मातीच्या बिंदगीत भरलं. मग मनात आलं, एवढं केलेलं नासलं तर? फ्रिजचा मधला कप्पा काढला आणि बिंदगी आत बसवली. "शहाणी आहेस," नवरा म्हणाला. होस्टेलवर मी एवढीच एक विद्या शिकले होते, उरलंसुरलं फ्रिजमध्ये ठेवायचं.

सकाळी रानात खोप झाली, दगडांना चुना लागला, नैवेद्य झाला. मामांनी भज्जी चाखली आणि बोट चाटलं. मग वाटीभर आंबील घेऊन तोंडाला लावली आणि थांबले.

"आंबली न्हाय," म्हणाले. "रातच्याला कुठं ठिवलीती?"

"फ्रिजमध्ये."

"आंबील? फ्रिजमधी?"

मी मान खाली घातली. सगळ्या जगात आंबील आंबू नये म्हणून जपून ठेवणारी मी पहिलीच असणार. आत्या थंडीच्या दिवसांत बिंदगी गोधडीत गुंडाळून चुलीच्या उबेला ठेवायच्या, हे नवऱ्याला तेव्हा आठवलं. तेव्हा! "आदल्या दिवशी सांगायला तोंड नव्हतं?" मी त्याच्यावर ओरडले. या ओरडाआरडीत मामांनी वाटी खाली ठेवली आणि ते हरभऱ्यातून चालायला लागले.

मी खोपीच्या सावलीत बसून राहिले. माझी परीक्षा आंबिलीत नव्हतीच. मामांनी पुन्हा एकदा बांधावर उभं राहून हाक मारावी, एवढ्यासाठी मी हात भाजून घेतले होते. शेजारच्या रानांतून हसण्याबोलण्याचे आवाज येत होते. आमच्या बांधावर कुणी नव्हतं. आत्यांची मला त्या क्षणी इतकी आठवण आली की भज्जीकडं बघवेना.

आणि मग रस्त्याकडून हाक आली. आवाज जरा चिरका होता, बऱ्याच दिवसांत वापरला नव्हता.

"ओ पाव्हणं, थांबा, थांबा. जेवून जावा."

मी उठून उभी राहिले. मामा बांधावर होते, हातात उपरणं. एक मोटारसायकल थांबली होती, तिच्यावर नवरा-बायको आणि मध्ये एक लहान मुलगी.

"आमच्या सुनंनं केलंय समदं," मामा त्यांना सांगत होते. "भज्जी तिच्या सासूवानी झालीय. आंबील तेवढी आंबली न्हाय. पर या."

ते आले. मागून एक बैलगाडी थांबली, तीही माणसं आली. मामा सगळ्यांना फ्रिजची गोष्ट सांगत होते आणि सगळे माझ्या तोंडावर हसत होते. मीही हसत होते, नाक ओढत. पंगत बसली, मी वाढायला लागले. पाहुण्यांना वाढून होईपर्यंत मामा उभेच होते. मग ते पंगतीच्या शेवटी मांडी घालून बसले आणि त्यांनी स्वतःहून ताट पुढं केलं.

"वाढ की," म्हणाले. "लई भूक लागलीय गं माय."