भेगेवरची चादर

बालवाडीतल्या मावशीचा शाळेशी संबंध झाडण्यापुसण्यापुरता. वाचता येत नसे, पण कुठल्या पोराला शू लागलीय ते तिला चेहऱ्यावरून कळे. उभा जन्म दुसऱ्यांच्या लेकरांची नाकं पुसण्यात गेला आणि त्याबद्दल तिची फारशी तक्रारही नव्हती.

मागच्या भिंतीला भेग पडली तेव्हा तिनेच ती मोठ्या बाईंना दाखवली. बाई म्हणाल्या, "इमारत जुनी आहे, मावशी. सुरकुत्या आपल्यालाही पडतात. पालक यायच्या आत काहीतरी लावून झाका."

मावशीने घरची पांढरी चादर आणून जमिनीवर अंथरली आणि पोरांच्या हातात मेणाचे खडू दिले. "दाबून रंगवा रे, कापड आहे ते." कुणी मासा काढला, कुणी आजोबांचं टक्कल. मधोमध एका चिमुरडीचा गोल गरगरीत हत्ती बसला. वर कोरा कागद ठेवून मावशीने इस्त्री फिरवली. जास्तीचं मेण कागदाने ओढून घेतलं, रंग कापडात मुरला. मग भेगेच्या दोन्ही अंगांना खिळे ठोकून तिने चादर लावली, मध्ये चांगला झोळ ठेवून, म्हणजे वाऱ्यावर हत्ती डुलेल. पालकांनी वाहवा केली.

पुढच्याच आठवड्यात चिमुरडी कुरकुरत आली. "मावशी, माझा हत्ती डुलत नाही."

मावशीने पाहिलं. झोळ गेला होता. चादर ढोलासारखी ताणलेली, हत्ती लांबुडका झालेला.

"ओढलीस का गं?"

"नाही. कुणीच नाही."

खिळे एकमेकांपासून लांब गेले होते, आणि खिळे काही एकटे चालत नाहीत.

"चला रे, आज गाणी अंगणात." सगळी पोरं बाहेर काढून तिने दाराला कुलूप घातलं.

मोठ्या बाई तणतणत आल्या. "पोरं उन्हात का?"

"चादर ताणलीय, बाई."

"कापड आटलं असेल. त्यासाठी शाळा बंद? लोक हसतील."

"आटलं असेल तर बरंच. मीही हसेन त्यांच्याबरोबर."

"किल्ली द्या, मावशी. नाहीतर उद्यापासून येऊ नका."

मावशीच्या घरात कमावणारं दुसरं कुणी नव्हतं, हे दोघींनाही ठाऊक होतं.

"उद्याचं उद्या. आज पोरं आत जाणार नाहीत."

बाईंनी किल्लीसाठी हात पुढे केला. तेवढ्यात बंद दारामागे काहीतरी सांडायला लागलं, बारीक, वाळू ओतावी तसं, आणि थांबेना. बाईंचा हात तसाच राहिला.

मावशीने पोरांना फाटकाबाहेर सरकवायला सुरुवात केली.